रिॲक्टमधील रेंडर प्रक्रिया

रिॲक्ट ही वेबपानांचे दर्शनी रूप घडवण्यासाठी वापरली जाणारी जावास्क्रिप्ट भाषेतील मुक्तस्रोत लायब्ररी आहे. तिच्यात पानाची रचना लहान लहान घटकांतून केली जाते. एखाद्या घटकाजवळची माहिती बदलली की रिॲक्ट त्या घटकाकडून त्याचे नवे रूप मागवते, ते आधीच्या रूपाशी ताडून पाहते आणि जेवढा फरक आढळेल तेवढाच पानावर उतरवते. यांपैकी रूप मागवणे व ताडून पाहणे या दोन कामांना मिळून ‘रेंडर’ म्हणतात, तर फरक पानावर उतरवण्याला ‘कमिट’ म्हणतात.

‘रेंडर’ या शब्दाचा संगणकक्षेत्रातील रूढ अर्थ ‘पडद्यावर चित्र उमटवणे’ असा आहे. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. रिॲक्टमध्ये एखादा घटक शंभर वेळा रेंडर होऊनही पडद्यावरचा एक ठिपकासुद्धा हललेला नसणे शक्य आहे. मराठीत ‘प्रस्तुतीकरण’ किंवा ‘चित्रण’ असे पर्याय सुचतात. परंतु दोन्ही शब्द चित्र उमटण्याकडेच बोट दाखवतात आणि गैरसमज वाढवतात. म्हणून या लेखात ‘रेंडर’ हाच शब्द ठेवला आहे.

पार्श्वभूमी

ब्राउझरला सर्व्हरकडून एचटीएमएलचा मजकूर मिळाला की तो त्यातून एक वृक्षाकार रचना तयार करतो. या रचनेला ‘डॉम’ म्हणतात. शीर्षक, परिच्छेद, कळ, चित्र अशी प्रत्येक वस्तू या वृक्षाचे एक पान किंवा फांदी असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने डॉमचे पहिले प्रमाणित रूप १९९८ मध्ये जाहीर केले. जावास्क्रिप्टला या वृक्षात हात घालून फांद्या जोडता, तोडता किंवा बदलता येतात.

आरंभीच्या संकेतस्थळांवर काहीही बदलायचे झाले तर संपूर्ण पान नव्याने मागवावे लागे. २००५ च्या सुमारास एजॅक्स पद्धत रूढ झाली. मग पान तसेच ठेवून फक्त नवी माहिती मागवणे सर्वसामान्य झाले. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीमुळे डॉममध्ये फेरफार करणे सोपे झाले. मात्र कोणती माहिती बदलली असता पानावरील कोणकोणत्या जागा बदलायच्या, याचा हिशेब आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठेवावा लागे.

हा हिशेब किती अवघड होतो ते शाळेच्या हजेरीपटाच्या उदाहरणावरून कळेल. पानावर विद्यार्थ्यांची यादी आहे, प्रत्येकाच्या नावापुढे उपस्थितीची खूण आहे, वर ‘उपस्थित : ३९’ अशी बेरीज आहे आणि कडेला गैरहजर मुलांची वेगळी यादी आहे. एक खूण बदलली की तीन ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. चौथी जागा निर्माण झाली, उदाहरणार्थ मध्यान्ह भोजनाच्या ताटांची संख्या, तर खूण बदलणाऱ्या प्रत्येक आज्ञेत तिचीही भर घालावी लागते. एखादी जागा राहून गेली की पानावरचे दोन आकडे एकमेकांशी विसंगत होतात, आणि यांतला कोणता खरा हे पाहणाऱ्याला समजण्याचा मार्ग नसतो.

फेसबुकमध्ये हीच अडचण मोठ्या प्रमाणावर उद्भवली होती. न वाचलेल्या संदेशांचा आकडा ‘१’ दाखवत असे, पण उघडून पाहिले तर नवा संदेश नसे. दोष दुरुस्त केला तरी काही काळाने तो पुन्हा डोके वर काढी. २०१४ मध्ये फेसबुकने माहितीच्या एकदिश प्रवाहाची ‘फ्लक्स’ ही रचना मांडताना याच दोषाचा दाखला दिला होता.

रिॲक्टची मूळ कल्पना फेसबुकमधील अभियंते जॉर्डन वॉक यांची. २०११ मध्ये ती फेसबुकच्या न्यूज फीडसाठी व पुढच्या वर्षी इन्स्टाग्रामच्या संकेतस्थळासाठी वापरली गेली आणि मे २०१३ मध्ये अमेरिकेतील जेएसकॉन्फ परिषदेत मुक्तस्रोत म्हणून जाहीर झाली. तिचे पहिले स्वागत थंडेच होते. जावास्क्रिप्टच्या मजकुरातच एचटीएमएलसारख्या खुणा लिहिण्याची तिची जेएसएक्स ही पद्धत अनेकांना खटकली. कारण आशय, रूप आणि वर्तन वेगवेगळ्या फायलींत ठेवावे, ही शिकवण तोवर पक्की झालेली होती.

घटक, गुणधर्म आणि अवस्था

रिॲक्टमधील घटक म्हणजे एक फंक्शन. त्याला बाहेरून जी माहिती मिळते तिला ‘प्रॉप्स’ म्हणजे गुणधर्म म्हणतात; घटक स्वतःजवळ जी माहिती राखतो तिला ‘स्टेट’ म्हणजे अवस्था म्हणतात. हजेरीपटातील एका ओळीला विद्यार्थ्याचे नाव गुणधर्म म्हणून मिळते, तर त्या ओळीतील शेऱ्याच्या चौकटीत टंकलेला मजकूर ही तिची अवस्था असू शकते. फंक्शन चालले की ते पानाच्या त्या भागाचे वर्णन परत करते. हे वर्णन म्हणजे डॉम नव्हे. ‘येथे एक ओळ असावी, तिच्यात हे नाव असावे, पुढे एक कळ असावी’ एवढे सांगणारी ती जावास्क्रिप्टमधील साधी वस्तू असते. अशा वर्णनांच्या वृक्षाला ‘आभासी डॉम’ हे नाव पडले.

येथे कामाची वाटणी पालटते. ‘काय बदलायचे’ हे आज्ञावली लिहिणारा सांगत नाही. या क्षणी माहिती अशी असेल तर पान कसे दिसावे, एवढेच तो सांगतो. आधीच्या उदाहरणात ‘उपस्थित : ३९’ हा आकडा वेगळा साठवला जात नाही, तर प्रत्येक रेंडरच्या वेळी खुणा मोजून काढला जातो. त्यामुळे खुणा आणि बेरीज यांच्यात विसंगती शिरण्याची वाटच बंद होते. बेरीज वेगळ्या अवस्थेत साठवून ठेवणारी आज्ञावली रिॲक्टमध्येही लिहिता येते, आणि तसे केले की जुना आजार परत येतो.

प्रत्येक रेंडरला त्या क्षणीची अवस्था जणू छायाचित्रासारखी मिळते. उपस्थितांची संख्या ३९ असताना एकाच क्लिकवर ‘संख्या अधिक एक’ अशी नोंद तीनदा केली, तर उत्तर ४२ न येता ४० येते. कारण त्या रेंडरपुरती संख्या ३९ च असते आणि तिन्ही आज्ञा ‘४० करा’ असेच सांगतात. ‘आधीची जी असेल तीत एक मिळवा’ अशा फंक्शनच्या रूपात आज्ञा दिल्यास ४२ मिळतात. रिॲक्ट अशा नोंदी एकत्र जमवते व शेवटी एकदाच रेंडर करते. मार्च २०२२ मधील अठराव्या आवृत्तीपासून हे एकत्रीकरण विलंबाने येणाऱ्या उत्तरांच्या हाताळणीतही आपोआप होते.

माहिती बदलली की नाही हे ठरवताना रिॲक्ट यादीच्या आत डोकावत नाही. यादी ही वस्तू तीच आहे की नवी, एवढेच पाहते. जुन्याच यादीत नवे नाव घुसवून ती परत दिली तर रिॲक्टच्या लेखी काहीच घडलेले नसते आणि पान जसेच्या तसे राहू शकते. म्हणून जुनी यादी न बदलता तिची नवी प्रत करून तीत भर घालण्याचा दंडक आहे.

रेंडर

रेंडरची सुरुवात दोन कारणांनी होते. पान प्रथम उघडताना मुळाशी असलेला घटक रेंडर होतो. त्यानंतर एखाद्या घटकाची अवस्था बदलली की तो घटक रेंडर होतो. घटक रेंडर झाला की त्याने वर्णनात उल्लेखिलेले पोटघटकही ओळीने रेंडर होतात, मग त्यांचे गुणधर्म बदललेले असोत वा नसोत. पोटघटक फक्त गुणधर्म बदलल्यावरच रेंडर होतो, ही समजूत फार पसरलेली असली तरी ती चुकीची आहे. तसे वर्तन हवे असल्यास घटकाला ‘मेमो’ या आवरणात गुंडाळावे लागते.

घटकाने रेंडरच्या वेळी केवळ वर्णन द्यावे, बाहेरच्या जगात काही घडवू नये, असा नियम आहे. संदेश पाठवणे, घड्याळ लावणे, बाहेरची नोंद बदलणे ही कामे तेथे वर्ज्य आहेत. याचे कारण व्यवहारी आहे. रिॲक्ट एखादे रेंडर अर्ध्यावर थांबवू शकते, टाकून देऊ शकते किंवा पुन्हा करू शकते. रेंडर होताच पालकांना गैरहजेरीचा संदेश धाडणारा घटक असेल, तर एका गैरहजेरीचे तीन संदेश जातील. नियम मोडलेला लवकर लक्षात यावा यासाठी विकासकाळातील ‘स्ट्रिक्ट मोड’ प्रत्येक घटक मुद्दाम दोनदा रेंडर करून पाहतो. घटक दोनदा का चालतो, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार बहुतेक वेळा येथेच उगम पावते.

तुलना आणि ओळख

जुने व नवे वर्णन हाती आले की त्यांतील फरक शोधायचा असतो. दोन वृक्षांमधील कमीत कमी फरक अचूक काढणाऱ्या ज्ञात सर्वसाधारण पद्धतींना लागणारे श्रम घटकसंख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतात. हजार वस्तूंच्या पानाला सुमारे १०० कोटी तुलना लागतील. रिॲक्टने ही अचूकता सोडून दिली आणि दोन गृहीतकांवर काम भागवले. त्यामुळे श्रम वस्तूंच्या संख्येच्या सरळ प्रमाणात राहतात.

पहिले गृहीतक असे, की एकाच जागी दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तू आल्या तर त्यांच्या पोटातील रचनाही वेगळीच असणार. तेव्हा रिॲक्ट जुनी फांदी तिच्या सर्व अवस्थांसह काढून टाकते व नवी उभारते. प्रकार तोच असेल तर डॉममधील वस्तू कायम ठेवून फक्त बदललेले गुणधर्म दुरुस्त करते. या गृहीतकामुळे एक विचित्र दोष उद्भवतो. एका घटकाच्या फंक्शनच्या आतच दुसऱ्या घटकाची व्याख्या केली, तर प्रत्येक रेंडरमध्ये ती व्याख्या नवी, म्हणून प्रकार नवा ठरतो. अशा घटकात मजकुराची चौकट असेल आणि प्रत्येक अक्षरासरशी बाहेरच्या घटकाची अवस्था बदलत असेल, तर एक अक्षर टंकताच जुनी चौकट नष्ट होऊन तिच्या जागी नवी येते व कर्सर निसटतो. वापरणाऱ्याला वाटते, कळफलक बिघडला.

दुसरे गृहीतक याद्यांविषयी आहे. यादीतील प्रत्येक वस्तूला आज्ञावली लिहिणाऱ्याने स्थिर ओळखखूण द्यावी, अशी अपेक्षा असते. तिला परिभाषेत ‘की’ म्हणजे किल्ली म्हणतात. ती दिली नाही तर रिॲक्ट वस्तूंना त्यांच्या क्रमांकावरून ओळखते. पटावर आसावरी, केतकी आणि माधव अशी तीन नावे आहेत आणि आसावरीच्या ओळीत ‘आजारी’ असा शेरा टंकलेला आहे, असे समजू. आता अनिकेतचे नाव दाखल झाले आणि अकारविल्हे तो सर्वांत वर आला. ओळखखूण नसेल तर रिॲक्टला पहिली ओळ तीच राहून तिच्यातील नाव तेवढे बदललेले दिसते. ओळीची अवस्था जागेवरच राहते. परिणामी अनिकेतपुढे ‘आजारी’ उमटते, आसावरीपुढे केतकीचा कोरा शेरा येतो आणि शेवटी माधवसाठी एक नवी ओळ जोडली जाते. कोठेही चूक दाखवणारी सूचना पडद्यावर येत नाही. पान व्यवस्थित दिसते आणि खोटे सांगते.

विद्यार्थ्याचा नोंदवही क्रमांक ओळखखूण म्हणून दिला, तर अनिकेतची ओळ नवी आणि बाकीच्या तीन जुन्या, हे रिॲक्टला समजते. डॉममध्ये फक्त एक ओळ वर घातली जाते आणि शेरे ज्याचे त्याच्याकडे राहतात. हजेरीक्रमांक मात्र येथे उपयोगाचा नाही. नवा विद्यार्थी आला की तो बदलतो. नोंदवही क्रमांक शाळा सोडेपर्यंत बदलत नाही, हा भेद शिक्षकांना वेगळा सांगण्याची गरज नाही. दर रेंडरला यादृच्छिक खूण तयार करणे त्याहून वाईट, कारण मग प्रत्येक ओळ प्रत्येक वेळी नवी ठरते आणि शेरे पुसले जातात. पुष्कळ पुस्तकांतून ओळखखुणेची ओळख वेग वाढवण्याची युक्ती म्हणून करून दिली जाते. वेग हा तिचा दुय्यम लाभ आहे. कोणती माहिती कोणाची, हे ठरवणे तिचे मुख्य काम होय.

फायबर

पहिल्या आवृत्त्यांमध्ये एकदा सुरू झालेले रेंडर संपेपर्यंत थांबवता येत नसे. ब्राउझरमध्ये पानाची जावास्क्रिप्ट आणि पडद्याची मांडणी साधारणपणे एकाच धाग्यावर चालते, त्यामुळे मोठे रेंडर चालू असता पान गोठल्यासारखे वाटे. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात; त्यात रिॲक्टचे काम, मांडणी व रंगवणे हे सारे बसवायचे असते.

सप्टेंबर २०१७ मधील सोळाव्या आवृत्तीत रिॲक्टचे अंतरंग नव्याने लिहिले गेले. त्याला ‘फायबर’ म्हणतात. त्यात प्रत्येक घटकासाठी एक नोंद असते आणि तीत पहिले अपत्य, पुढील भावंड व पालक यांचे दुवे असतात. या दुव्यांमुळे काम कोठेही थांबवून नंतर तेथूनच पुढे नेता येते. पडद्यावर असलेला एक वृक्ष आणि घडत असलेला दुसरा, असे दोन वृक्ष एकाच वेळी बाळगले जातात. दुसरा पूर्ण झाला की तो पहिल्याची जागा घेतो. तोवर वापरणाऱ्याला जुने, परंतु सुसंगत पान दिसत राहते.

थांबवता येणारे रेंडर सर्वांच्या हाती आले ते अठराव्या आवृत्तीत. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. त्यांच्या यादीत नाव शोधण्याची चौकट असेल, तर टंकलेले अक्षर ताबडतोब दिसले पाहिजे, गाळलेली यादी क्षणभर मागे राहिली तरी चालते. यादीचा बदल ‘ट्रान्झिशन’ म्हणून नोंदवला की रिॲक्ट तो छोट्या तुकड्यांत करते आणि मध्येच दुसरे अक्षर आले तर अर्धवट काम टाकून नव्याने सुरुवात करते. अर्थात सर्व गावांच्या ओळी पानावर ओतण्यापेक्षा दिसतील तेवढ्याच ओळी रेंडर करणे, हा साध्या फोनवर अधिक खात्रीचा उपाय आहे.

कमिट आणि पडदा

रेंडर थांबू शकते, कमिट थांबत नाही. अर्धवट कमिट म्हणजे पानावर अर्धी जुनी व अर्धी नवी माहिती, म्हणून हा टप्पा एका दमात पार पडतो. प्रथम डॉममधील भर, वगळणी व दुरुस्त्या होतात. मग ‘लेआउट इफेक्ट’ चालतात. एखाद्या चौकटीची उंची मोजून तिच्याजवळ सूचना ठेवायची असेल तर ती येथे मोजतात. त्यानंतर ब्राउझर मांडणीचे गणित करतो, रंगवतो आणि थर एकत्र करून चित्र पडद्यावर आणतो. या कामात रिॲक्टचा हात नसतो. सर्व्हरशी जोडणी किंवा घड्याळ लावणे यांसारखे साधे ‘इफेक्ट’ सामान्यतः चित्र उमटल्यानंतर चालतात. मोजणीचे काम साध्या इफेक्टमध्ये टाकले, तर सूचना आधी चुकीच्या जागी दिसून मग योग्य जागी उडी मारताना दिसू शकते.

डोळ्यांनी पाहणाऱ्याला बदललेला आकडा दिसतो. पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकाला मात्र डॉम बदलल्याचे आपोआप कळेलच असे नाही. त्यासाठी तो भाग ‘एरिया-लाइव्ह’ या गुणधर्माने खुणावावा लागतो, आणि ते काम रिॲक्ट करत नाही.

सर्व्हरवरील रेंडर

घटक हे फंक्शन असल्यामुळे ते सर्व्हरवरही चालवता येते. मग वाचकाला तयार एचटीएमएल मिळते आणि जावास्क्रिप्ट पोहोचण्याआधीच मजकूर दिसतो. नंतर ब्राउझरमधील रिॲक्ट तेच घटक पुन्हा रेंडर करून आलेल्या डॉमशी जुळवते व त्यात कळींचे वर्तन भरते. याला ‘हायड्रेशन’ म्हणतात. दोन्हीकडचे वर्णन तंतोतंत जुळावे लागते. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर आणि वाचक भारतात असेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोघांची ‘आजची तारीख’ वेगळी असते आणि जुळणी फसते. मराठी संकेतस्थळांवर याला आणखी एक पदर आहे. संख्या स्थानिक पद्धतीने लिहिताना भाषा स्पष्टपणे नमूद केली नाही, तर सर्व्हर इंग्रजी अंक लिहू शकतो आणि मराठीवर लावलेला ब्राउझर देवनागरी. भाषा दोन्हीकडे ठरवून दिली की हा भेद मिटतो.

इतर पद्धती आणि टीका

आभासी डॉममुळे रिॲक्ट वेगवान आहे, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धसत्य आहे. नेमकी एकच जागा बदलणारी हाताने लिहिलेली आज्ञा वर्णन करून तुलना करण्यापेक्षा नेहमीच कमी काम करते. आभासी डॉमचा लाभ असा, की सारे पान नव्याने वर्णिण्याची सोय परवडण्याजोगी होते. स्वेल्टचे कर्ते रिच हॅरिस यांनी २०१८ मध्ये याच मुद्द्यावर टीका केली. स्वेल्ट आज्ञावलीचे रूपांतर करतानाच कोणती माहिती कोठे वापरली आहे हे शोधते आणि आभासी डॉमशिवाय थेट त्या जागा बदलते. सॉलिडमध्ये घटकाचे फंक्शन एकदाच चालते. पुढे ‘सिग्नल’ म्हणजे स्वतःच्या वाचकांची नोंद ठेवणारी मूल्ये नेमक्या जागांना बदल कळवतात. अँग्युलरनेही २०२३ पासून सिग्नल स्वीकारले. इव्हान यू यांचे व्ह्यू मधल्या वाटेवर आहे : आभासी डॉम त्यात आहे, पण कोणता घटक कोणत्या माहितीवर अवलंबून आहे याची नोंद ते स्वतः ठेवते, त्यामुळे अनावश्यक रेंडर टळतात.

रिॲक्टमध्ये अनावश्यक रेंडर टाळण्याची जबाबदारी बराच काळ आज्ञावली लिहिणाऱ्यावर होती आणि त्यासाठी ‘मेमो’ची आवरणे जागोजागी दिसत. ती आपोआप घालणाऱ्या रिॲक्ट कंपायलरची पहिली स्थिर आवृत्ती २०२५ मध्ये आली. घटकांनी रेंडरचे नियम पाळलेले असतील, हे तो गृहीत धरतो.

ज्या मीडियाविकी प्रणालीवर विकिपीडिया चालतो, तिच्या दर्शनी भागासाठी विकिमीडिया प्रतिष्ठानने २०२० मध्ये रिॲक्टऐवजी व्ह्यूची निवड केली.